शस्त्रांच्या फोटोतला अडकित्ता

विमानतळावर जप्त केलेल्या शस्त्रांचा फोटो पेपरात आलाय. एक पिस्तूल, दोन सुरे आणि शेजारी माझ्या आईचा पितळी अडकित्ता. तिची तेवढीच खूण माझ्याकडे होती. परवा तपासणीत चंचीतून निघाला.

"आजी, हे शस्त्र आहे," तिथली पोरगी म्हणाली.

"अगं, यानं जन्मभर सुपारीच कातरलीय!"

तिचं तरी काय चुकलं म्हणा, तिला नियम. पण छापणाऱ्यानं विचारायचं की नाही, ही वस्तू कुणाची? टेबलावर ओळीनं मांडलं की सगळंच भयंकर दिसतं, माणसंसुद्धा.

लेकाला फोन करून सांगितलं. जेवता जेवता थांबून म्हणाला, "आई, तुझं नाव नाही ना छापलं?"

"नाही रे बाबा. जेव तू निवांत."