कुंदाच्या डोक्यावरची रेघ

प्रिय सई आणि निशांत,

परवा फोनवर बोलताना माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो तुम्हाला दिसला आणि सईने विचारले, "आजी, ही मुलगी झोपली का आहे? आणि तिच्या डोक्यावर ती पांढरी रेघ कसली?" मी विषय बदलला. पण याची उत्तरे ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून नीट लिहून ठेवते. त्यासाठी आधी किसनभाऊ तुम्हाला माहीत व्हायला हवेत.

धामणगाव बढ्याला ते आमचे शेजारी होते. पुढच्या खोलीत फोटो स्टुडिओ, मागे परसात विहीर. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. मी नागपूरला बी.ए. होऊन, लग्न करून तिथे आले होते; तुमचे आजोबा शाळेत शिक्षक होते. किसनभाऊ दिवसा नवरानवरींचे फोटो काढत आणि आभाळ स्वच्छ असले की तोच लाकडी कॅमेरा विहिरीच्या ओट्यावर, आभाळाकडे तोंड करून ठेवत. भिंग तासभर उघडे. तोवर परसात कंदील आणायचा नाही. त्यांच्या पत्नी अंधारातच भांडी घासत आणि ऐकवत, "लोकायचे घरधनी बायकोचा फोटो काढतात, आमचे ध्रुवाचा काढून राह्यले."

"ध्रुव कुरकुर नाई करत," भाऊ म्हणत.

त्या फोटोंत ताऱ्यांच्या बारीक गोल रेघा उमटत. मला दाखवून ते म्हणत, "पाह्यलं वयनी? मानूस हालला का पुसल्या जाते. तारा हालला का रेघ वढते." स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवायचे, मग "हालू नोका" म्हणायचे आणि भिंगावरची टोपी काढायची, असा त्यांचा क्रम होता. ते रस्त्याने चालले की गावातली मुले मुद्दाम पुतळ्यासारखी उभी राहत.

कुंदा ही तुमच्या बाबांची मोठी बहीण, त्यांच्या जन्माआधीची. तिचा फोटो काढायची किसनभाऊंना फार हौस होती, पण माझ्या सासूबाई काढू देईनात.

"पाच वर्साची होऊ दे, किसन. लहान लेकराचा फोटो काढला का आयुष्य उतरते."

"मावशी, तसं असतं तं माह्या दुकानात आलेले सारेच गेले असते."

"तू गप बस बे."

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पहाटे पूर्वेला धूमकेतू दिसू लागला. फोटो तेव्हा काचेवर उतरवत, आणि काचांची मोठी टंचाई होती. किसनभाऊंकडे एकच उरली होती. ती राखण्यासाठी त्यांनी एका साखरपुड्याला नाही म्हटले. "साखरपुडे होत राह्यतीन. हा पाहुना आपल्या जन्मात पुन्हा येत नाई," असे म्हणून ते रोज पहाटे धुके विरायची वाट पाहत. सासूबाईंनी मात्र पूर्वेची खिडकी लावून घेतली. शेपटीचा तारा घर हेरतो, असे त्या म्हणत.

त्याच आठवड्यात कुंदाला ताप आला. बुलढाण्याहून डॉक्टर आणले, औषधे झाली. एका पहाटे ती गेली. दोन वर्षांची होती.

उजाडल्यावर तुमचे आजोबा किसनभाऊंच्या दारात जाऊन उभे राहिले. "पोरीचा एकही फोटो नाही, भाऊ," एवढेच म्हणाले. भाऊ क्षणभर थांबले आणि कॅमेरा घेऊन आले. सासूबाईंनी अडवले नाही. कुंदाला बाजेवर निजवले होते. मागे भाऊंनी नेहमीचा काळा पडदा बांधला, भिंगाच्या टोपीला हात लावला, सवयीने तोंड उघडले आणि तसेच मिटले. त्या दिवशी ते "हालू नोका" म्हणाले नाहीत.

आठ दिवसांनी ते फोटो आणि काच घेऊन आले. कुंदाच्या डोक्यावर, पडद्याच्या काळ्या भागात, एक पांढरी तिरपी रेघ होती. एका टोकाला ठळक, दुसरीकडे विरत गेलेली.

"खोटं नाई बोलत, वयनी. त्याच पहाटे धुकं विरलं, तारा घेतला होता. दुसरी काच नव्हती. त्याच्यावरच लेकीले घेतलं."

"सांगायचं नाही का?" तुमचे आजोबा म्हणाले.

"सांगतलं असतं तं तुमी नोको म्हनले असते."

सासूबाई पुढे आल्या. "ह्याच ताऱ्यानं नेली माही पोर. काढ ते."

किसनभाऊंनी खिशातून पाते काढले. काचेवरची रेघ खरडली की कागदावरची जाते. त्यांनी आयुष्यात टिपलेला तो एकमेव धूमकेतू होता. "मावशी, तुमी म्हनसान तसं," ते म्हणाले आणि काच उजेडात धरली.

सासूबाईंनी तोवर फोटो हातात घेतला होता. नीट दिसेना, म्हणून त्यांनी स्वतःच पूर्वेची खिडकी उघडली. बराच वेळ पाहत राहिल्या.

"राहू दे, किसन," त्या म्हणाल्या. "एकटी नाई दिसत माही पोर त्याच्यात."

भाऊंनी पाते मिटले आणि काच माझ्या हातात दिली. पुढेही ते आभाळाचे फोटो काढत राहिले, पण तसा पाहुणा पुन्हा आला नाही. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. स्टुडिओच्या जागी दुसरे दुकान आहे. ताऱ्यांच्या गोल रेघांचे त्यांचे फोटो वाळवीने खाल्ले.

ती काच माझ्या कपाटात, वरच्या खणात, सुती फडक्यात बांधलेली आहे. एक कोपरा उडाला आहे. कुंदा आणि रेघ दोन्ही शाबूत आहेत.