लाल नेलपॉलिशची रेघ

माझा उजवा कान साफ गेला आणि डावा अर्धामुर्धा उरला, तेव्हा मी शाळेतून निवृत्त होऊन नदीवर मुलींना वल्हवायला शिकवत होते. शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गातल्या गोंगाटाने कान गेले असं मी म्हणायची. मुलींवर ओरडून गेले असं आमचे हे म्हणायचे.

संगमाजवळच्या आमच्या क्लबात मुलींचा सराव भल्या सकाळी, कॉलेजच्या आधी. त्या आपापल्या अरुंद नावांतून पुढे, मागे मोटरबोटीत मी. कोणी उलटली तर उचलायला बोट हवीच, तिच्याशिवाय पाण्यात उतरायची मुलींना परवानगी नव्हती. बोटीच्या शेपटाला लावलेलं इंजिन जुनं होतं. ते नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवायचं, आणि नदीत जलपर्णी माजलेली. तिची मुळं पाणी ओढायच्या जाळीत अडकली की पाणी बंद, इंजिन तापायला सुरुवात. तापलं की त्याचा आवाज जड व्हायचा. इतकी वर्षं तो मला मागे न बघता कळायचा. एके दिवशी नाही कळला. मुली माझ्याकडे बघून हात हलवत होत्या, मला वाटलं मजेत आहेत. वळून बघते तर मागे धूर!

क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर. कपडे इस्त्रीचे आणि बोलणं त्याहून कडक. माझ्या अनुभवाबद्दल त्यांना फार आदर आहे म्हणाले, पण इंजिनाला अनुभव दिसत नाही. यापुढे बोट वॉचमन चालवील. वॉचमन यायचा नऊ वाजता. म्हणजे मुलींचा सराव बंद, इतकं सरळ होतं ते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कान गेले तर गेले, डोळे शाबूत होते की नाही? मोटारीत तापमानाचा काटा असतो, तसा बोटीत बसवते, म्हटलं. त्यांनी अट घातली. काटा लालात गेला की त्या क्षणी इंजिन बंद, सबब चालणार नाही. माझ्या हातून इंजिन गेलं तर बोटीच्या साखळीच्या कुलुपाची किल्ली परत करायची. मी हो म्हणून टाकलं.

जुन्या बाजारात भंगारातल्या मोटारीचा मीटर मिळाला, आणि त्याच्याच जोडीचा पितळी बल्ब, जो इंजिनाला लावतात आणि ज्याला उष्णता कळते. दोन्ही चालतात का ते आधी घरी बघायचं ठरवलं. गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, मोटरसायकलची बॅटरी आणली, शाळेतल्या प्रयोगासारख्या बल्बाला दोन तारा जोडल्या आणि त्याचं टोक पाण्यात धरलं. हे थर्मामीटर धरून उभे. "चहाचं पातेलं आहे ते," एवढंच म्हणाले. पाणी तापलं तसा काटा टुकटुक चढला. उकळी फुटायच्या जरा आधी काटा होता तिथे मी काचेवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. साऱ्या आयुष्यात मी विकत घेतलेली ती एकच बाटली. लग्नात का नाही सुचलं, असं ह्यांनी विचारलंच.

नाना पेठेतल्या एका लेथवाल्याने बल्ब इंजिनावर घट्ट बसवायला पट्टी करून दिली. बोटीत जोडायला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आला. घरून आणलेल्या त्याच बॅटरीवर मीटर सुरू केला, इंजिन चालवलं, तर काटा ढिम्म. मीटर गेला, नवा घ्या, असं सांगून तो मोकळा झाला. मला पटेना. काल स्वयंपाकघरात चालणारा मीटर नदीवर येऊन मरतो कसा? तिथेच बसून कालचं सगळं पुन्हा आठवलं. घरी मी बल्बाला दोन तारा लावल्या होत्या, याने एकच. मोटारीत एक पुरते, कारण तिचं अंग लोखंडाचं, वीज त्यातूनच परत जाते. आमच्या बोटीचं अंग फायबरचं, परत जाणार कुठून? इंजिनापासून बॅटरीपर्यंत एक काळी तार ओढली आणि काटा हलला. मला इतका आनंद झाला की मी त्या इलेक्ट्रिशियनलाही चहा पाजला.

सराव सुरू झाला. पुढे मुली, गुडघ्यापाशी काटा. जरा चढला की मी इंजिन बंद करून जाळी साफ करायची, सगळ्या मुली थांबायच्या आणि वैतागायच्या. वैतागा, म्हटलं. अख्खा पावसाळा आणि थंडीचा पहिला महिना इंजिनाला काही झालं नाही.

मग एका सकाळी सगळ्यात नवी मुलगी उलटली. लांब, पलीकडच्या काठाला, जलपर्णीच्या गालिच्यात. पाय नावेलाच पक्क्या बसवलेल्या बुटात अडकलेला, हाताने पानं बाजूला करायला जावं तर ती परत तोंडावर. मी पूर्ण वेग दिला. निम्म्या वाटेत काटा चढायला लागला. जाळी बंद झाली होती. काटा रेघेला टेकला, रेघ ओलांडून गेला. मला तो अगदी स्वच्छ दिसत होता. मी हात मागे घेतला नाही. जळका वास आला, इंजिन एक हिसका देऊन जाम झालं, आणि उरलेलं अंतर बोट तशीच घसरत गेली. माझ्या हाताला तिची वेणी लागली. ती मी सोडणार नव्हते.

मुलगी खोकत, रडत घरी गेली. इंजिन भंगारात.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी नेहमीपेक्षा मऊ बोलत होते. सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं असेल, काटा दिसला नसेल, असं त्यांनीच सुचवलं. तसं लिहिता येईल म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण तो काटा मी बसवला होता, तो दिसला नाही असं मी कसं म्हणू?

"दिसला होता," मी म्हटलं. "लालाच्या पुढे होता. मी मुद्दाम चालवलं."

किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी येऊन पोटभर रडले. ह्यांनी त्याच पातेल्यात चहा केला.

महिन्याभराने दुसरं इंजिन आलं. मीटर त्याच्यावर चढवून द्यायला मला बोलावलं, तशी गेले. भल्या सकाळी यायला वॉचमन तयार नव्हता, म्हणून बोटीत स्वतः सेक्रेटरी बसलेले, डोक्याला गच्च कानटोपी. त्यांनाही आता काही ऐकू येणार नव्हतं. मुली पाण्यात उतरत होत्या. मी काळी तार आवळली, काच पुसली, काठावर चढले.

सेक्रेटरींनी टोपी एका कानावरून वर केली. "बाई, काटा लालात गेला की लगेच बंद करायचं ना?"

"आधी मुली मोजायच्या," मी म्हटलं. "मग काटा बघायचा."