मी काढून टाकलेल्या ओळी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. ऐकून घ्या, झालं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात आमचा कॉम्प्युटर विभाग — म्हणजे एक एसी खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. प्रोग्रॅमर दोघंच. मी कायम झालेला, सुजाता अजून प्रोबेशनवर. ती नाशिकरोडहून बसने यायची, कामापुरतं बोलायची.

मालाच्या खोक्यांवर मापं छापायचा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. त्यात बोल्ट काय, बेअरिंग काय, सगळे ‘सुटा भाग’ या एकाच प्रकारात. त्यातला एखादा बेअरिंग म्हणून वापरायचा, तर ती प्रोग्रॅममध्येच एक ओळ घालून आधी त्यालाच विचारायची — तू बेअरिंगच ना? होकार आला तरच पुढे. प्रत्येक ठिकाणी ही विचारपूस. मला वाटायचं, काय हा सासुरवास!

एके दुपारी ती डबा खायला गेली आणि मी — मोठा शहाणा — तिचा प्रोग्रॅम ‘सोपा’ केला. विचारपूस उडवली. सरळ हुकूम सोडला, हे बेअरिंग आहे असं समज. असा हुकूम दिला की मशीन हूं की चूं करत नाही. तिला सांगितलं? नाही. तिचं काम हलकं करायचं होतं — की आपली हुशारी दाखवायची होती? दाखवायचीच होती.

मग बोल्टसुद्धा बेअरिंग समजून वाचले गेले. खोक्यांवर भलतीच मापं छापली गेली, माल परत आला. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. “कुठून कुठून येतात ही माणसं,” असंही म्हणाले. ती कुठल्या वस्तीतून येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा रोख मला कळला नाही? चांगला कळला.

“या ओळी मी काढलेल्या नाहीत, सर,” ती म्हणाली. आवाज स्थिर होता.

साहेब माझ्याकडे वळले. “तू हात लावला होतास?”

“छे! मी कशाला लावू, सर?”

तेवढं त्यांना पुरलं.

तिला कायम केलं नाही. ती गेल्यावर मी तिच्या ओळी जशाच्या तशा परत टाकल्या. प्रोग्रॅम नीट चालू लागला. साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मी थोपटून घेतली.