डॉक्टरबाईंचा रिकामा हात

दातांच्या दवाखान्यात मामा एकतीस वर्षं कंपाउंडर होते, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षाचा तोरा त्यांच्या चालीत होता.

खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये पोलादी हत्यारं ओळीनं निजलेली असत. कीड खरवडायची ती चमची. सिमेंट उचलून खड्ड्यात ठेवायची ती पट्टी. दाबून बसवायला चपट्या तोंडाचा ठोक्या, कडा तासायला कोरणी, आणि शेवटी सगळं गुळगुळीत करायला, टोकावर मोहरीएवढी गोळी मिरवणारी गोळीबाई. ही बारशी मामांनीच केलेली. खरी नावं पुस्तकात होती, पुस्तक कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली कधीच हरवली होती.

डॉक्टरबाई तर कुठलंच नाव घेत नसत. दाढेवरची नजर न हलवता त्या उजवा हात मागे करत, आणि मामा बोटांची ठेवण पाहून नेमकं हत्यार त्यात ठेवत. बोटं जुळलेली, की ठोक्या. अंगठा जरा उचललेला, की कोरणी. बाई दवाखान्यात आल्यापासूनच्या बावीस वर्षांत त्या हाताला एकदाही ताटकळावं लागलं नव्हतं.

असे हे मामा चार महिने स्वतःचीच किडकी दाढ लपवून होते. पेशंटला "काही दुखत नाही हो" म्हणणारा माणूस त्या खुर्चीच्या नुसत्या विचारानं घामाघूम व्हायचा. डावीकडे चावायला तेवढी एकच दाढ उरली होती. शेवटी मामींनी त्यांना शर्टाच्या बाहीला धरून दवाखान्यात आणलं.

डॉक्टरबाईंनी आरसा घालून पाहिलं. "मामा, आज भरली तर वाचेल. आठवडा घालवलात तर उपटावी लागेल."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. उरलेलं नळीनं ओढून घेतलं.

सुई झाली, कीड निघाली, बाईंनी काचेवर सिमेंट कालवलं आणि सवयीनं हात मागे केला. हात रिकामाच राहिला.

"मामा?"

"आँ," मामा खुर्चीतून म्हणाले.

"अगं बाई! मामी, तुम्ही द्या ना ते."

"ते म्हणजे कोणतं?"

"ते हो… ते नेहमीचं!"

मामींचा जन्म शिवणकामात गेलेला. ट्रेमध्ये ओळखीचं असं त्यांना एकच दिसलं. त्यांनी कात्री दिली.

कात्री परत जाईपर्यंत काचेवरच्या सिमेंटचा दगड झाला.

दुसऱ्यांदा कालवलं. तोंड उघडं ठेवून बोलणं शक्य नव्हतं, म्हणून मामांनी पट्टीची खूण करायला पंजा ताठ करून हात वर केला.

"हात उगारताय माझ्यावर?" मामी कडाडल्या. "बाहेर लोक बसलेत, अहो!"

दुसरा दगड झाला.

बाईंनी बाटली हलवली. तळाला एकाच घाण्याची पूड उरली होती, आणि नवी बाटली यायला आठ दिवस होते. मामांनी ते ऐकलं, डोळे मिटले आणि स्वतःच्या पोटावर दोनदा थाप मारली.

इतकी वर्षं संसार केलेला, मामींना कळलं. त्यांनी नवऱ्याच्या हातांत हातमोजे चढवले आणि ट्रे उचलून त्याच्या पोटावर ठेवला.

"सिमेंट तुम्हीच कालवा," बाई मामींना म्हणाल्या. "चकाकी आहे तोवर मला द्या."

मामींनी असं कालवलं की काचेनं दाद द्यावी. बाईंचा हात आला आणि मिटल्या डोळ्यांच्या मामांनी त्याला बोटं लावून पाहिली, त्यात पट्टी ठेवली. हात परतला, ठोक्या. पुन्हा आला, कोरणी. ट्रे पोटाबरोबर वरखाली होत होता.

"श्वास जपून घ्या मामा, गोळीबाई घसरतेय!"

मामांचा डावा हात मात्र वेगळ्याच कामात गुंतला होता. तो त्यांचाच गाल थोपटत होता, आणि घशातून "आ… आ…" असा आवाज येत होता.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

"छे," मामी म्हणाल्या, "पेशंटला धीर देतायत."

गोळीबाई फिरली. बाईंनी दाढेवर निळा कागद ठेवून चावायला लावलं, आरशात पाहिलं आणि मान डोलावली. दाढ राहिली.

दुपार कलली, गालाचा बधिरपणा उतरला, तेव्हा घरी मामांनी डावीकडे एक भाजलेला चणा ठेवला. कडाक्! मामींचं शिवणयंत्र थांबलं.

"तुटली?"

"चणा तुटला," मामा ऐटीत म्हणाले. "हत्यार वेळेवर मिळालं की काम असं होतं."

"आणि सिमेंट कुणाचं होतं?"

"नुसतं कालवायला काय लागतं?"

"बरं. मग ट्रे पोटावर कुणी ठेवला?"

मामांनी घाईनं दुसरा चणा डावीकडे सरकवला, आणि उत्तर द्यायला तोंड रिकामं नाही असं बोटानं दाखवलं.