कौसल्येचे पाय आणि अस्सीजवळचं हॉटेल

बनारसला जायचं ठरलं ते गंगेत बुडी मारायला नाही. महेशचं तोंड बंद करायला.

महेश म्हणजे माझी धाकटी जाऊ कौसल्या, तिचा मुलगा. नागपूरला नोकरी करतो. आम्ही दोघी जावा गोंदियाजवळ दवनीवाड्यात शेजारीशेजारी राहतो, दोन्ही घरांच्या मध्ये काट्यांचं कुंपण. नवरे गेले, पोरं बाहेरगावी. मागच्या पावसाळ्यात कौसल्या पहाटे अंगणात शेणाचा सडा टाकताना घसरून पडली. हाड मोडलं नाही. गुडघा सुजला, महिन्याभरात उतरला. पण महेशनं एकच धरलं की आई आता एकटी राहू शकत नाही, मी नागपूरला नेतो.

धान निघाल्यावर तो आला तेव्हा मी त्याला विचारलंच, "काऊन गा, पाय तिचे का तुये? चालून राहिली ना?"

"अंगणापुरतं चालणं वेगळं, मोठी आई," तो म्हणाला. "परक्या गावात दोनचार दिवस आपल्या पायानं फिरून दाखवू दे तिला. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"ठरलं," मी म्हटलं.

कौसल्या चुलीपाशी भाताची पेज काढत होती. ती काढत राहिली.

सारनाथ आम्हाला दोघींनाही पाहायचं होतं. बुद्धानं पहिला उपदेश केला ती जागा. आमच्या वस्तीतले पुष्कळ जण मोठ्या गाडीनं जाऊन आले, पण ती गाडी दारातून उचलते आणि दारात सोडते, त्यात पायांची परीक्षा कुठून होणार. सारनाथला विहारांत राहायची सोय होते, स्वस्तही पडते. तिथं जागा सपाट. मी म्हटलं, राहायचं तर बनारस शहरात, गल्ल्या आणि पायऱ्या आहेत तिथं. उद्या महेशनं असं म्हणायला नको की सपाटीवर कोणीही चालते.

नातीनं फोनवर हॉटेलं काढून दिली. सगळ्या फोटोंत पलंगावर टॉवेलचं बदक करून ठेवलेलं. बदकाचं काय करायचं? मी नंबर लिहून घेतले आणि एकेकाला फोन लावला. तुम्ही जाणार असाल आणि सोबत गुडघेवालं माणूस असेल तर हेच विचारा. ऑटो कुठपर्यंत येते, खोलीपर्यंत पायऱ्या किती, संडास खुर्चीसारखा आहे का, आणि खोलीचा दिवस कधी सुरू होते. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे दिवस उजाडला की सुरू. तिथं बहुतेक हॉटेलांत दुपारी बारापासून बारापर्यंत. सकाळी उतरलात तर बाहेर बसा.

एक जण म्हणाला, "माताजी, घाट बस पाँच मिनट."

"किसके पैर से पाँच मिनट?" मी विचारलं.

त्यानं फोन ठेवला.

शेवटी अस्सी घाटाच्या बाजूला एक मिळालं. रोज नऊशे रुपये, तळमजला, ई-रिक्षा दारापासून थोड्या अंतरावर थांबते, आणि सकाळी आलात तर सामान ठेवून ओसरीवर बसू देऊ, असं मॅनेजर स्वतःहून म्हणाला. मोठ्या देवळाच्या बाजूच्या गल्ल्यांत याहून स्वस्त खोल्या आहेत. पण तिथं चाकाचं काहीच आत जात नाही, आणि जुन्या घरांचे जिने आमच्या माळ्याच्या शिडीसारखे उभे. मला कौसल्येला चालवायचं होतं, पाडायचं नव्हतं.

गोंदियावरून बरौनीला जाणारी गाडी बनारसवरून जाते, बदलायची गरज नाही. म्हाताऱ्यांची सवलत आता मिळत नाही, तेव्हा पूर्ण भाडं धरूनच हिशेब करा. खालचा बर्थ मागून घ्या. सालेकसा सुटलं की दोन्हीकडे जंगल लागते, मग बोगदा, आणि बोगद्यातून निघालं की लोक छत्तीसगढी बोलायला लागतात. कौसल्या खिडकीतून बघत होती. डोंगरगड, दुर्ग, रायपूर, मग अंधार पडला. डब्यातून भाकरी, वांग्याची भाजी आणि मोहरीचा ठेचा नेला होता. समोरच्या बाईनं विचारलं, "काशी जा रहे हो? पुण्य कमाने?"

"नहीं, शर्त लगी है," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उतरलो. स्टेशनाबाहेर रिक्षावाले अंगावर येतात. पहिला जो भाव सांगते त्याच्या अर्ध्याला मागा, मग तो रडते, मग बसवते. रस्त्यात एवढी गर्दी की रिक्षा, गाय, वराती, पोलीस आणि एक मढं, सगळे एकाच चालीनं चाललेले, आणि कोणी कोणाला धक्का देत नाही. मढ्यासाठीसुद्धा रस्ता होत नाही. त्याच्या मागेमागे आम्ही चाललो. कौसल्या म्हणाली, "बाई, याची तं आता घाई नाही." मला बाई म्हणते ती, मोठी जाऊ म्हणून.

हॉटेल फोटोपेक्षा अर्धं होतं. पण भिंती कोरड्या होत्या, चादर धुतलेली, गरम पाणी बादलीभर. बदक नव्हतं. मॅनेजर पन्नाशीचा, गालात पान. आम्ही गंगास्नानाला आलो असं धरून तो वेळा सांगू लागला. मी म्हटलं, हम सारनाथवाले हैं. त्यानं पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाला, "तो भी नदी देख लीजिए, देखने का कुछ नहीं लगता." हे बरोबर होतं.

संध्याकाळी घाटावर गेलो. खाली उतरणं सोपं, चढणं अवघड, सगळ्यांनाच. कौसल्या एकेक पायरी दोन्ही पाय ठेवून चढली, मध्ये दोनदा बसली, माझा हात घेतला नाही. वर आल्यावर मी तिचा फोटो काढून महेशला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

रात्री ताट मागवलं. पोळ्या चांगल्या. भात म्हणून जे वाढलं ते धुतलेल्या गोणपाटासारखं लागत होतं. आमच्याकडची माणसं तिन्ही वेळ भात खाणारी, तेव्हा सांगून ठेवते की तिथं सकाळी कचोरी-जिलेबी खा, दुपारी पोळी खा, आणि भात घरी येऊन खा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती बाहेरच्या आवाजानं. मॅनेजर ओरडत नव्हता, पण पानाशिवाय बोलत होता, म्हणजे काहीतरी झालं होतं. बाजूला कौसल्या नव्हती.

बाहेर गेले. कौसल्या हातात बादली घेऊन उभी. हॉटेलसमोरची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडलेली, आणि तिच्यावर शेणाचा सडा. जिन्याखालचा झाडू घेतला, बादली न्हाणीतली, आणि शेण तर त्या गल्लीत पाहिजे तेवढं. मातीच्या अंगणात सडा मुरते, बसते. तिथं दगडाच्या फरश्या. सगळं हिरवं पाणी वर तरंगून राहिलं होतं, आणि मद्रासकडचं एक जोडपं मोठ्या बॅगा घेऊन उंबऱ्यावर अडकलेलं. पुढे पाय टाकायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"ये क्या किया माताजी?" मॅनेजर म्हणाला.

"सडा," कौसल्या म्हणाली. "दारात कचरा होता."

"तुले अक्कल हाये का?" मी म्हटलं. "याच सड्यानं पडली ना घरी? इथं पडली असती तर महेशले काय सांगतो मी?"

"उठल्यावर काय करू मग?" ती म्हणाली. खरंच विचारत होती.

तेवढ्यात गल्ली झाडणारी बाई आली. तिनं ते हिरवं पाणी पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "हमार काम बढ़ा दिहलू, माई." मग नळाची नळी लावून तिनं सगळं धुऊन काढलं. कौसल्या तिच्या हातातला झाडू घ्यायला पुढे झाली, तर बाईनं झाडू पाठीमागे धरला. "ई हमार ह."

मॅनेजरनं दाराशेजारचं लाकडी बाकडं पुसलं. "आप मेहमान हैं. हमारे यहाँ मेहमान झाड़ू नहीं लगाता. बैठिए." मातीच्या कपात दोन चहा आले. कौसल्या बाकड्याच्या अगदी कडेला बसली, उठायच्या बेतात बसल्यासारखी. चहा प्याली तरी डोळे झाडूवर. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला पहाटे बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि तिला ते जमत नव्हतं.

त्या दिवशी सारनाथ. शहरातून शेअर ऑटो मिळते, पण बदलावी लागते. पूर्ण ऑटो केली तर महाग पण गुडघ्याला बरी. शुक्रवारी जाऊ नका, म्युझियम बंद असते. मोठा स्तूप लांबूनच दिसते. विटांचा, जाड, खालच्या दगडावर कोरीव वेली. मी फोटोत पाहिला होता तेव्हा वाटलं होतं आतमध्ये जायला दार असेल. दार नाही. बाहेरूनच फिरायचं. वंदना म्हटली, हात लावला, गार लागला. बर्म्याकडचे भिक्खू, कोरियाकडच्या बायका, अकोल्याकडचं एक कुटुंब. त्या अकोल्याच्या बाईनं आमचं बोलणं ऐकून "जयभीम बाई, कोणतं गाव?" म्हटलं आणि अर्धं संत्रं दिलं.

कौसल्येनं स्तूपाला तीन फेऱ्या घातल्या. बाग मोठी, हिरवीगार, एक पान पडलेलं नाही. तिनं पाणी घालणाऱ्या माळ्याला तिच्या हिंदीत विचारलं, "इतना सब कौन झाड़ता?"

"हम लोग छे जन हैं, अम्मा. बारी-बारी से."

"आन एखादा बिमार पडला तं?"

"तो बाकी पाँच हैं."

परत येताना ती ऑटोत पाय लांब करून बसली. पाय दुखत असतील असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाली, "पाय बरे हायेत."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठली आणि सरळ बाकड्यावर जाऊन बसली. मी गेले तोवर झाडणाऱ्या बाईशी गप्पा लागल्या होत्या. बाईचं गाव, बाईची सून, सुनेचा फोन. बाई झाडत होती आणि कौसल्या पाय वर घेऊन बसली होती. दुपारी एक विणकराचं घर पाहिलं, माग चालताना; साडी घ्या म्हणून मागे लागतात, घ्यायची नसेल तर आधीच सांगा. संध्याकाळी नावेत बसलो. माणसामागे भाव घेते नाववाला, आणि नाव भरेपर्यंत सोडत नाही.

निघायच्या दिवशी ती ऊन अंगावर येईपर्यंत उठली नाही. मी कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही," ती म्हणाली, डोळे न उघडता. "जा तू. चहा आला का सांग."

गोंदियाला महेश आला होता. त्यानं दुरूनच पाहिलं, आई स्टेशनचा पूल चढून, उतरून, पिशवी खांद्यावर घेऊन येऊन राहिली. त्याचं तोंड पाहण्यासारखं होतं. मी म्हटलं, "बोल."

"मानलं, मोठी आई," तो म्हणाला. "आता नाही काढत विषय."

कौसल्येनं पिशवी त्याच्या हातात दिली. "खोली कोणती देशील मले?"

"कुठली खोली?"

"नागपुरातली. खिडकीवाली दे. पुढच्या महिन्यात येतो म्हणते मी."

महेशनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. दवनीवाड्यापर्यंत ऑटोवालाच बोलत होता.

मी दोन दिवस कुंपणाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, म्हटलं, "कायले नेलं मग मी तुले एवढ्या दूर? चालता येते हे दाखवाले का जाता येते हे दाखवाले?"

ती तांदूळ निवडत होती. "तू आन महेश, दोघंही मले जमते का नाही यावरच भांडत होते," ती म्हणाली. "जमतेच, बाई. पडली त्या दिवशीबी जमत होतं. पण पाह्यजे का, हे कोणी इचारलं? मीबी नोहतं इचारलं. तिथं बाकड्यावर बसली तवा सुचलं."

"नागपुरात सून तुले बाकड्यावर बसवते का?"

"नाही बसवलं तं येतो वापस. चालता येते ना मले."

मी तिच्या सुपातले खडे वेचायला बसले.

ती गेली. आता तिच्या दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. आठवड्यातून एकदा आत हवा खेळवते. ती फोन करते, सूनबाईच्या हाताला मीठ नाही म्हणते, पण येतो वापस असं अजून म्हटलं नाही. मला करमते का, असं कोणी विचारू नये.

खर्चाचं विचाराल तर दोघींचा मिळून गाडी, खोली, खाणं, ऑटो, नाव, सगळं धरून नऊदहा हजारांत झालं. हॉटेल चांगलं आहे. तळमजला मागा. आणि सोबत ज्याला नेता, त्याला तिथं काय पाहायचं आहे ते निघायच्या आधी एकदा विचारून घ्या. मी ऑटो विचारली, पायऱ्या विचारल्या, संडास विचारला. हे राहिलं.