हैबतीची दुसरी घोंगडी

महाडजवळच्या नाते गावाच्या वर, डोंगरावरची धनगरवाडी म्हणजे उणीपुरी सात घरं. तिथल्या हैबतीचं काम शहरातल्या पावण्यांना रविवारी कड्यापर्यंत न्यायचं. येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "काका, बिबट्या आहे का?" हैबतीला हसू यायचं. बिबट्या वाडीतलं कुत्रं नेई, फार तर एखादं करडू. माणसाची चाहूल लागली की तोच पळ काढी. भ्यायचं ते कड्याला लटकलेल्या आग्या मोहोळाला. पण हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडायचे. माशीला भ्यायला का ते मुंबईहून आले होते?

त्याची बायको प्रयागबाई ताकाची किटली घेऊन मागून यायची. ताक खपायचं हे खरं, पण तिला नवऱ्याबरोबर चालायला आवडायचं. तीस वर्षांच्या संसारात दोघांना एवढीच काय ती फुरसत मिळाली होती.

गेल्या होळीनंतर दोन तरुण आले. अंगाला अत्तराचा घमघमाट. झऱ्यावर हैबती म्हणाला, "हितं धुवा, वास घालवा. आनि कड्याखाली बिडी-शिगरेट नाय वढायची." एकाने तोंड धुतल्यासारखं केलं. दुसऱ्याने कड्याखाली पोचताच ऐटीत सिगरेट पेटवली.

विझव म्हणेपर्यंत वरून माश्या सुटल्या. हैबतीच्या खांद्यावर एकच घोंगडी. ती अंगावर ओढून गप बसलं तर माणूस वाचतो, हे वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. पावणे समोर, प्रयागबाई वीस पावलं मागे. तो थबकला. तिनेच ओरडून सांगितलं, "त्यांच्यावर घाल. मी बसते हितंच."

त्याने घातली. पावणा आधी, हे त्याला आईबापांनी शिकवलं होतं. मग तो तिच्याकडे धावला, तिच्यावर पालथा पडला. तोवर लुगड्यातून माश्यांनी तिला फोडून काढलं होतं.

डोली करून खाली न्यायला दोन तास लागले. महाडचा दवाखाना यायच्या आधीच ती जीपमध्ये गेली. पेपरात आलं, 'मधमाश्यांच्या हल्ल्यातून दोन पर्यटक बचावले.' खाली एका ओळीत स्थानिक महिलेचा मृत्यू. नाव नव्हतं.

आपण चुकलो, असं हैबतीला रोज वाटतं. दुसरं काय करायला हवं होतं, तेही त्याला सुचत नाही. पावण्यांना तो अजून नेतो. झऱ्यावर तेच सांगतो, लोक हसण्यावारी नेतात. आता खांद्यावर घोंगड्या मात्र दोन असतात.

परवा एका बाईने विचारलं, "एवढ्या उन्हात दोन कशाला, काका?"

"एक तुमच्यासाठी."

"आणि दुसरी?"

"मागून येनाऱ्या मानसाला."

बाईने वळून पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं. तिने जरा वाट पाहिली आणि विचारलं, "काका, इथे बिबट्या आहे का?"