सोबत येणारी व्यक्ती: स्वतः

शाळेच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेतल्या परिचराला सगळे तोंडावर मामा म्हणत आणि पाठीमागे एकपेशी मामा. हे मामांना कळलं तेव्हा राग येण्याऐवजी त्यांची छातीच फुगली. घ्या!

"एकटी पेशी," ते मुलांना ऐकवायचे, "खाते, श्वास घेते, घाण बाहेर टाकते, स्वतःचे दोन तुकडे करून वंशही वाढवते. कुणापुढे हात पसरत नाही. नाहीतर आपण! अब्जावधी पेशी, आणि प्रत्येकीचं दुसरीवाचून अडतंय."

मामांचा संसारही तसाच. एक खोली, एक ताट, एक खुर्ची. धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, पण तिच्याकडे गेलं तर उपकार होणार ना!

गवत भिजवलेल्या पाण्यात पॅरामेशियम हे एकपेशी जीव वाढवायचे आणि त्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, हे काम बत्तीस वर्षं त्यांनी कुणालाही करू दिलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तरी नाही. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साती सूक्ष्मदर्शकांत डोकावून पाहिलं. सगळीकडे हवेचे बुडबुडे. मामांनी ते मोठ्या निगुतीने मांडले होते.

"महिन्याभरात डोळ्यांचं ऑपरेशन करून या," जीवशास्त्राच्या बाईंनी बजावलं, "नाहीतर प्रयोगशाळा दुसऱ्याकडे. आणि मामा, तुमची ती पेशी फुटली की सगळंच संपलं. आपल्यात पोटाची पेशी बघत नाही, डोळ्याची पचवत नाही, पण एकीचं बिघडलं की बाकीच्या निभावून नेतात."

मामांनी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. प्रयोगशाळेखेरीज त्यांचं होतं काय?

दवाखान्यातल्या फॉर्मवर 'सोबत येणारी व्यक्ती' असा रकाना होता. मामांनी ऐटीत लिहिलं: स्वतः.

"मग पट्टी कुणाच्या डोळ्याला बांधू?" नर्सने विचारलं. "पेशंटच्या की सोबत आलेल्याच्या? कुणाला तरी बोलवा, त्याशिवाय आत घेणार नाही."

दोन तास मामा बाकावर ताठ बसून राहिले. मग नाइलाजाने फोन केला.

बहीण दहाव्या मिनिटाला हजर. हाताला साबण तसाच, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"दोन गल्ल्या रे दादा! दोन गल्ल्या ओलांडायला तुला डोळे जावे लागले?"

तिने फॉर्म ओढला, 'स्वतः'वर काट मारली आणि लिहिलं: बहीण. एवढ्या मोठ्या अक्षरात, की मामांनाही वाचता आलं.

"डोळ्यांतून पाणी येतंय का?" नर्सने विचारलं.

"मोतीबिंदूचं आहे ते," मामा म्हणाले आणि बहिणीचा ओला हात काही सोडेनात.